तंबूच्या कापडाची विजार

...नाही, पण मला एक सांगा, पँट विकत घेताना माणसाला पुठ्ठ्यावर का उभं करतात? कोचकोरला जा, नारिनला जा, नाहीतर शनिवारी जनावरांच्या बाजाराच्या कडेला ती राइकान बसते ना, तिच्याकडं जा, सगळीकडं तेच. पँट मागितली की ही बाई खाली पुठ्ठा टाकणार, समोर चादर धरणार आणि म्हणणार, "चढवा दादा, कुणी बघत नाही." आणि सगळा बाजार बघत असतो, मेंढ्यासुद्धा बघत असतात, गारठ्यानं पाय काकडलेत, एक पाय आत, एक बाहेर, आणि या वयात मी पुठ्ठ्यावर लंगडी घालतोय... आणि एकदाची चढली की ती मान वाकडी करून बघते आणि म्हणते, "दादा, तुमच्याच मापाची शिवलीय जशी." असेल नाही तर काय? उभा आहे ना मी! पुठ्ठ्यावर उभं राहून सगळ्याच पँटी चांगल्या दिसतात हो. पण मी काय उभं राहायचं काम करतो?

मी चुली बांधतो. विटांच्या, छातीएवढ्या उंच, एका भिंतीतनं दोन खोल्या तापवणाऱ्या. हे सगळं काम उकिडवं. माती कालवायची उकिडवं, विटा लावायच्या गुडघ्यावर, धुराड्यात शिरायचं पोटावर, आणि वर राख, काजळी, चिखल. ऊठ, बस, ऊठ, बस. तर पँट कशी पाहिजे? आसनात सैल, गुडघ्याला दुहेरी, निखारा पडला तर वितळायची नाही. एवढंच. मी काय खानाचा झगा मागतोय?

पण मिळेल तर शपथ. आधी ती चकचकीत घेतली, खेळाडू घालतात तसली, बाजूला पांढऱ्या पट्ट्या. राइकान म्हणाली, "पटकन वाळते." वाळते कधी ते बघायला मिळालंच नाही, कारण त्याआधी पटकन जळते ते कळलं. मग जीनची घेतली. "अंगावर सैल होईल हो." झाली ना सैल. गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्यांदा खाली बसलो आणि कमरेचं बटण जे सुटलं ते गेलं थेट बाईच्या पिठाच्या परातीत, आणि मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसलो, आणि संध्याकाळी ते पिठाच्या गोळ्यांत, बोर्सोकात, तळून निघालं, आणि निघालं कुणाच्या दाताखाली, तर तिच्या सासूच्या. मग ती शिकारी लोकांची, ठिपक्याठिपक्यांची, जिकडं हात घालाल तिकडं खिसा. धुराड्यातनं बाहेर आलो की खिसे काजळीनं गच्च. आमची बायको, गुलसून, धुवायला बसली आणि म्हणाली, "पँट धुतेय का चूल पाडतेय मी?" ती पँटही पुठ्ठ्यावर झकास दिसलेली, हे विसरू नका.

आणि या सगळ्या वेळात माझ्यासमोर, रोज, एक माणूस आरामात खाली बसायचा. एसेनकुल. माझा जोडीदार. चुलीला दोन माणसं लागतात, एक आतून हात घालतो, एक बाहेरनं वीट देतो, तर आतला तो, बाहेरचा मी, लग्नाआधीपासून. त्याची विजार... काय सांगू तुम्हाला. डोंगरात खनिजं शोधणारे लोक जाताना एक तंबू टाकून गेले होते, त्याच्या कापडाची त्याच्या बायकोनं, बुरुलचावहिनींनी, हातानं शिवलेली. कापड असं की चाकू टेकवला तर चाकूला वाईट वाटावं. गुडघे दुहेरी. शिवण बोटाएवढी जाड. निखारा पडला तर निखाराच विझायचा. आणि हा माणूस खाली बसताना, दर वेळेला, डोळे मिटून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणायचा, "आ-हा-हा-हा..." आणि मग एक डोळा उघडून माझ्याकडं, "शारशेन, तू का रे उभा? बस की. अच्छा, अच्छा... पँट."

असा जीव जळायचा माझा! किती वर्षं जळला, मोजली नाहीत. एकदा मी त्याला मेंढा द्यायला निघालो त्या विजारीच्या बदल्यात, जिवंत, शेपटीला चरबी असलेला मेंढा. तर म्हणतो, "मेंढ्यावर असं बसता येतं का?" आणि बसला. आ-हा-हा. मग मी म्हटलं, बाबा, वहिनींना सांग, मला एक शिवून द्यायला. तर लगेच, "कापड संपलं." पुढच्या वर्षी विचारलं, "कापड संपलं." म्हटलं, गुडघ्यापुरतं तरी? "संपलं म्हटलं ना." मी गुलसूनला सांगायचो, असला कद्रू माणूस बघितला नाही, मेला तरी सोडणार नाही ती विजार. आणि गुलसून म्हणायची, "तोंडाला काही हाड?"

आणि तो मेला हो.

आजारी नाही, काही नाही. सकाळी चहाचा वाडगा उचलला आणि ठेवायचा राहिला. निरोप आला तेव्हा मी घरात आदल्याच दिवशी राइकानकडनं आणलेली काळी पँट घालून आरशासमोर उभा होतो. बाकीच्या सगळ्या काजळीनं बरबटलेल्या, मयताला काय तसं जाणार? गेलो तसाच. आणि आपल्याकडचं तर तुम्हाला माहीतच आहे, दाराशी गपचूप जाऊन उभं राहता येत नाही, लांबूनच ओरडत जायचं, कमरेवर हात ठेवून, पुढं वाकून, पळत. अंगणात यूर्त, नमद्याचं गोल घर, उभारलेलं, आत तो, बाहेर त्याचे भाऊबंद रांगेनं काठ्यांवर वाकलेले. मी सुरू केलं, "एसेनकुल... माझ्या भावा रे..." खरं सांगतो, रडू आलंच नव्हतं. तो गेला हे अजून डोक्यात शिरलंच नव्हतं, मला वाटत होतं आता तो यूर्तातनं डोकं काढेल आणि म्हणेल, काय बेसूर ओरडतोयस. रांगेपाशी पोचलो, खाली वाकलो, आणि... फर्रर्र.

पुढून काही नाही. पुढून मी सभ्य माणूस. पण मागून, कमरेपासून ते... जाऊ द्या. वारा आत शिरला तेव्हा मला अंदाज आला. रांगेत एसेनकुलचे चुलते, अब्दिलदा आजोबा. मला मिठीत घेतलं, माझ्या खांद्यावरनं मागं नजर गेली, आणि म्हातारा त्याच सुरात, सूर न सोडता, "माझ्या पुतण्या रेऽऽ... सोडून गेलास रेऽऽ... शारशेना, तुझी मागं फाटलीय रेऽऽ..." आणि शेजारचा, तोही त्याच सुरात, "पार फाटलीय रेऽऽ..." आता हसता येतं का मयताला? रांगेतल्या काठ्या थडथड उडायला लागल्या. मी तोंड रांगेकडं ठेवून उलटा उलटा यूर्ताच्या मागं निघालो, आणि नवीन आलेली माणसं म्हणतात, बघा, बिचाऱ्याला पाठ फिरवून जाववत नाही.

यूर्तात बायका भिंतीकडं तोंड करून रडगाणं गात होत्या, बुरुलचावहिनी मध्ये. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं. मी मागं नमद्याला पाठ लावून उभा, मला सगळं ऐकू येतंय. वहिनींचं गाणं थांबलं. सकाळपासनं पहिल्यांदा थांबलं असेल. आणि त्या रोजच्या आवाजात, जशा आम्हाला चहाला हाक मारायच्या ना, तशा म्हणाल्या, "त्यांची विजार द्या भावजींना. खुंटीला आहे." आणि पुन्हा गायला लागल्या.

कोळशाच्या खोपटामागं जाऊन मी ती चढवली. एवढी वर्षं जिच्यासाठी झुरलो ती. आणि तुम्हाला सांगतो, त्याचं प्रेत दहा पावलांवर, आणि माझ्या मनात काय आलं? बरोबर बसली! कंबर बरोबर, लांबी बरोबर. मला माझीच किळस आली, पण आलं मनात, काय करू? बाहेर आलो तर अब्दिलदा आजोबा वरनं खाली बघून म्हणतात, "वा रे दोस्त. अजून तो मातीत गेला नाही, तोवर तू त्याच्या विजारीत गेलास." मी मान खाली घातली. पण उभा होतो रुबाबात, खोटं कशाला बोलू. उभं राहून सगळ्याच... हां. तेच.

मग मौलवींनी दुवेसाठी हात पुढं केले. सगळे खाली बसले. मीही बसलो, उकिडवा.

अहो, ती शिवण! बोटाएवढी जाड म्हणालो ना मघाशी, ती बरोबर मांडीच्या मुळाशी, दोन्हीकडनं, सांडशीत धरल्यासारखी. आसन इतकं वर कापलेलं की श्वास घेतला तर खालनं कुणी ओढतंय. गुडघ्यामागं ते कापड फळीसारखं घुसलेलं. डोळ्यांतनं टचकन पाणी आलं. आणि माझ्या तोंडातनं, दातओठ दाबून, काय बाहेर पडलं? "आ-हा-हा-हा..." अगदी त्याच सुरात. तेव्हा मला कळलं. तो आराम नव्हता हो! तो एवढी वर्षं विव्हळत होता. आपल्या बायकोनं हातानं शिवलेली, पहिल्या दिवशी माझ्यासमोर मिरवून बसलेला, आता माघार कशी घेणार? मेंढा देत होतो तरी विजार दिली नाही. हे असलं माझ्या गळ्यात कसं मारायचं, म्हणूनच दिली नसणार. आणि मी त्याला कद्रू म्हणायचो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आणि आपल्याकडं तर जिकडं बघाल तिकडं डोंगर, तरी अक्कल आली नाही.

मला एवढं हसू आलं, एवढं... मी मान वळवली त्याला सांगायला. लेका, खोटारड्या, पकडला तुला, असं म्हणायला मान वळवली, आणि बाजूला तो नव्हता. तो यूर्तात होता. अख्ख्या गावात ही गंमत ज्याला सांगावी असा एकच माणूस, आणि तोच आत झोपलेला. मग मात्र फुटलं. असा रडलो की रांगेतल्यांनी काठ्या टाकल्या आणि मला धरलं. अब्दिलदा आजोबा म्हणाले, "बोललो ते मागं घेतो, पोरा. असा दोस्त पाहिजे." आणि मी त्यांना काय सांगू, आजोबा, अर्धं दुःख आहे आणि अर्धी शिवण?

दुसऱ्या दिवशी त्याला आंघोळ घालायला जे चौघे होते त्यांत मी. आता आंघोळ घालताना जे दिसतं ते बाहेर बोलायचं नसतं, म्हणून बोलत नाही. वळ होते, एवढंच सांगतो. मी त्यांवर पाणी जरा हळू घातलं.

आंघोळ घालणाऱ्यांना मयताचे कपडे द्यायचे असतात. बाकीच्यांना कोट मिळाला, टोपी मिळाली, बूट मिळाले, नवे होते, हिवाळ्याचे. मला वहिनी म्हणाल्या, "भावजी, ती अंगावर आहे ती तुमचीच. बसते ना नीट?" आता नवरा गेलेल्या बाईला काय सांगायचं? म्हटलं, "वहिनी, एक नंबर." तर त्यांचे डोळे भरून आले. "तेही रोज हेच म्हणायचे. रोज विचारायचे मी, रोज हेच."

मग काय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कामाला जायची वाट त्यांच्याच दारावरनं, रोज बघतात. मी विजार घालून जातो, काठीसारखा ताठ, कोपऱ्यावर वळलो की दोन्ही हातांनी ती खाली ओढतो. आत विटा लावायला आता दुसऱ्या गावचा एक जण येतो, कामाला बरा आहे, पण बोलत नाही. मी बसतो, आ-हा-हा म्हणतो, तो वीट मागतो. बस. एसेनकुल होता तेव्हा मी उभ्यानं जळायचो, आता बसून जळतो.

आणि परवा, चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर, वहिनींची चूल धूर सोडत होती म्हणून गेलो. खाली बसलो, व्हायचं ते झालं, तोंडातनं आ-हा-हा निघालं. आणि वहिनी हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "अगदी यांच्यासारखं." आणि मग म्हणाल्या, "भावजी, मी यांना कितीदा म्हटलं, शारशेनभावजींना एक शिवते, तंबू अख्खा पडलाय, अजून दहा होतील. तर हे हात जोडायचे. नको, त्याला नको, म्हणायचे. एवढी आवडायची त्यांना, दुसऱ्या कुणाच्या अंगावर सहन झाली नसती." मी चुलीत डोकं घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. काजळी गेली डोळ्यांत, असं सांगितलं.

डोकं बाहेर काढतोय तर समोर वहिनी उभ्या, मापाची दोरी घेऊन. म्हणाल्या, "आता अडवायला कोण आहे? दोन शिवते. एक अंगावर, एक धुवायला." मी एसेनकुलसारखे हात जोडले, तर त्यांना वाटलं, आभार मानतोय. मग धीर करून म्हटलं, "वहिनी, आसन जरा सैल ठेवा." तर म्हणतात, "तेही म्हणायचे. काही नाही, सैल विजारीत माणूस गबाळा दिसतो." आणि आल्या हो माप घ्यायला, तर मी उकिडवाच राहिलो. म्हणाल्या, "भावजी, बसलात काय? असं माप घेतात होय?"

उभं केलं मला.