ऑलिव्हच्या पानांचा कडू अर्क

...नाही म्हटलं ना, सही नाही करणार. पेन खिशात ठेवा, साहेब. कॉफी घ्या, गार होतेय—सही मात्र मिळणार नाही. अथेन्सहून गाडी हाकत आलात, कबूल, पण मी बोलावलं होतं का? तुमच्या अर्काच्या बाटलीवर काय छापणार म्हणालात—'कॅन्सरच्या पेशी मारतो'? आणि खाली माझं नाव, डॉक्टर एव्हांथिया? मारतो ना, मारतो! ऑलिव्हच्या पानातलं ते कडू द्रव्य जंतूंना आवरतं, तेल लवकर खवट होऊ देत नाही—खरंय सगळं. आणि काचेच्या ताटलीत पेशींवर टाकलं, की दोन दिवसांत पेशी खलास. मीच दाखवलं ते, सहा वर्षांपूर्वी. पेपरात फोटो आला, चर्चमध्ये पाद्रीबाबांनी नाव घेतलं—आमच्या ह्या कालामाता गावात मिरवले मी!

पण पेशी मारतं कोण, हे विचारलंत? नाही ना? ताटलीत पेशींसाठी जे पोषक पाणी असतं, त्यात हे द्रव्य पडलं की तिथल्या तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं—जखम धुताना फसफसतं ना, तेच. पेशी मरतात त्यानं. ते फोडणारं एन्झाइम दोन थेंब घाला—पेशी ठणठणीत! मग माझ्या प्रयोगातून माणसाच्या कॅन्सरबद्दल काय कळलं? काही नाही. शून्य.

लोक विश्वासानं घेतील म्हणता? घेतात हो. माझ्या भावानं घेतला, थ्रासोसनं. आतड्याचा कॅन्सर—पण लवकर सापडलेला, डॉक्टर म्हणत होते ऑपरेशन करू, बरा होईल. हा म्हणतो, "इस्पितळात कशाला जाऊ, ताई? औषध माझ्याच झाडांवर आहे, आणि शोधलंय माझ्या बहिणीनं!" चार लोकांत सांगायचा, छाती फुगवून. मी अडवलं? अर्क मीच काढून दिला, ह्याच टेबलावर, बाटल्यांवर तारखा माझ्या अक्षरात. एका ईस्टरला अंगणात कोकरू भाजत होता—पुढच्या ईस्टरला नव्हता.

नाही, तेव्हा मला माहीत नव्हतं—म्हणजे—शंका होती. एन्झाइमची कुपी फ्रीजमध्ये होती, दोन-तीन दिवसांचं काम. उद्या करू, पुढच्या आठवड्यात करू... का? उत्तर काय येईल ते ठाऊक होतं, म्हणून! त्याला पुरलं आणि तिसऱ्या दिवशी प्रयोग लावला. पेशी जिवंत. एकूण एक. हे कुणाला बोलले नव्हते मी, तुमच्यापुढे कसं निघालं कोण जाणे.

पाच वर्षं गप्प बसले. गेल्या सोमवारी तुमचं पत्र आलं, आणि वाटलं, आता आणखी किती थ्रासोस? काल जर्नलला कळवलं—शोधनिबंध मागे घेते, चूक माझी, नाव माझं. नोकरी जाईल? जाऊ दे. दुसरा शास्त्रज्ञ गाठाल? गाठा खुशाल, त्याच्याही दारात येऊन हेच सांगेन मी. धमकी म्हणा हवं तर!

उठा आता. जिन्यात पावलं वाजताहेत—माझी वहिनी असेल, थ्रासोसची बायको. मीच बोलावलंय. तिला ठाऊक नाही अजून. दारात तिला वाट द्या, आणि काही बोलू नका.

ये, स्ताव्रूला. बस अशी, माझ्यासमोर...