बग क्रमांक २२१७

विनिपेग पोलीस, मध्य विभाग. गुरुवार, दि. ३० जानेवारी २०२५, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.

नाव: लॉर्ना स्टाडनिक. वय: ५८ वर्षे. धंदा: नोकरी, व्हिडिओ गेम तपासनीस. राहणार: सेलकर्क अव्हेन्यू, नॉर्थ एंड, विनिपेग. जबाब लिहून घेणार: कॉन्स्टेबल डेजार्ले.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटीच राहते. माझे पती वॉल्टर चार वर्षांपूर्वी वारले. मूलबाळ नाही. मला सप्टेंबरपासून पगार मिळालेला नाही, पण कामावरून कुणी काढलेलंही नाही, म्हणून धंदा नोकरी असाच सांगितला आहे.

मी ड्रिफ्ट लेक नावाच्या गेम बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं आहे. कंपनी ॲडलेड स्ट्रीटवर जुन्या गोदामाच्या चौथ्या मजल्यावर आहे. त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, त्याआधी मी एकवीस वर्षं थंडीचे कोट शिवले. तो कारखाना बंद पडला तेव्हा मला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नव्हतं. कंपनीचे मालक ग्रँट आयनारसन यांची-माझी ओळख लिफ्टमधली. ते म्हणाले, "तुम्ही खाली शिवण तपासायचात ना? मग वर या. इथेही तेच काम आहे, कुठे उसवलंय ते शोधायचं." मी गेले. गेममध्ये जे उसवलेलं असतं त्याला आम्ही बग म्हणतो. बग सापडला की तो नंबर घालून लिहायचा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि तो किती गंभीर आहे. त्यामुळे जबाब कसा द्यायचा हे मला कुणी शिकवायला नको.

मी ग्रँट आयनारसन हे बेपत्ता असल्याची खबर देण्यास आले आहे. वय ४६, उंची सहा फूट एक इंच, दाढी करडी, अंगात तपकिरी कोट. गाडी निळा पिकअप. मूळ राहणार तळ्याकाठचं गिमली गाव, वडील त्या तळ्यावर मासेमारी करत. घटस्फोटित. नोव्हेंबरपासून ऑफिसातच झोपतात हे मला माहीत होतं. मी माहीत नसल्यासारखं दाखवत होते.

कॉन्स्टेबलनी विचारल्यावरून सांगते की, कंपनीत चौतीस माणसं होती. कॅलिफोर्नियातली जी कंपनी पैसा पुरवत होती तिने सप्टेंबरात हात वर केले. पुढचे दोन पंधरवडे ग्रँटनी सगळ्यांना पिझ्झा खिलवला आणि थोडा धीर धरा म्हणाले. पिझ्झ्याने काही घरभाडं भरता येत नाही. माणसं एकेक करून गेली. शेवटी गेला जोव्हेन मानालो, ख्रिसमसच्या आधी. तो प्रोग्रामर, पोरगा फिलिपिनो आहे, मला टिटा म्हणतो, म्हणजे त्यांच्यात मावशी. जाताना पगाराच्या बदल्यात चाकांची खुर्ची घेऊन गेला आणि ती बसमध्ये चढवली. मला म्हणाला, "टिटा, तूपण एक उचल की. चांगली पाठीची आहे." मी म्हटलं, "मी कशावर बसू मग?" तो म्हणाला, "म्हणजे तू उद्या येणार? धन्य आहेस बाई."

आमच्यात रोज सकाळी साडेनऊला सगळ्यांनी गोल करून उभं राहायची पद्धत आहे. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का. चौतीस माणसं असताना भिंतीला टेकावं लागायचं. ख्रिसमसनंतर आम्ही दोघंच उरलो. दोन माणसांचा गोल होत नाही, तरी ग्रँट म्हणत, चला, उभे राहू. मी माझं सांगायचे, ते त्यांचं सांगायचे. काही अडलंय का, या प्रश्नाला दोघंही रोज नाही म्हणत असू. वीज कापायची नोटीस दाराला चिकटवलेली असायची, आणि आम्ही म्हणायचो, काही नाही.

पाच महिने बिनपगारी का जात होता, मालकाने काही आमिष दाखवलं होतं का, असं कॉन्स्टेबलनी विचारलं. आमिष काहीही नाही. नोव्हेंबरनंतर त्यांनी पैशाचा शब्दसुद्धा काढला नाही, उलट दोनदा म्हणाले की लॉर्ना, तुम्ही दुसरीकडे बघा. मी जात होते कारण सकाळी साडेनऊला कुणीतरी मला विचारायचं की आज काय करणार. घरी मला ते कुणी विचारत नाही. रविवारी तर माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. हे असंच्या असं लिहा म्हटलं, लाज वाटायला मी आता काही पोर नाही.

आमचा गेम तळ्यावरचा आहे. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे पकडणारी वस्ती, त्यात एक म्हातारा कोळी. खेळणारा त्याच्यासोबत दिवसभर बर्फावर असतो. बर्फावर वाट दाखवायला खुणेची झाडं रोवलेली असतात, आपल्या खऱ्या तळ्यावर रोवतात तशीच. अंधारू लागलं की म्हातारा किनाऱ्यावरचा दिवा बघून घरी परत येतो. हे मी हजारदा तरी बघितलं असेल.

सोमवारी, २७ तारखेला, मी गेम चालवला तेव्हा म्हातारा परत आला नाही. मी बग नोंदवला. तो माझ्या फोनमध्ये आहे, कॉन्स्टेबलना दाखवला आणि त्यांनी उतरवून घेतला तो असा: "बग क्रमांक २२१७. काय केलं: म्हाताऱ्यासोबत संध्याकाळपर्यंत थांबले. काय व्हायला हवं: म्हातारा घरी परततो. काय होतं: म्हातारा शेवटच्या झाडापुढे जाऊन लाल झोपडीत बसतो. कितीही हाका मारल्या तरी बाहेर येत नाही. गंभीरपणा: किरकोळ."

ते किरकोळ मी लिहिलं. गेम बंद पडत नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे किरकोळ.

मंगळवारी सकाळी बघते तर बग बंद करून टाकलेला. खाली ग्रँटची नोंद: "हा बग नाही. असंच अपेक्षित आहे." मला राग आला. साडेनऊला उभं राहिल्यावर मी त्यांना म्हटलं, "म्हातारा परत येत नाही, आणि तुम्ही म्हणता बग नाही?"

ते म्हणाले, "नाही."

"मग खेळणाऱ्याने काय करायचं? बर्फावर उभं राहून हाका मारत बसायचं?"

"त्याने परत जायचं, लॉर्ना. दिवा आहे ना किनाऱ्यावर. त्याला वाट माहीत आहे."

मी म्हटलं, "असला भिकार शेवट कोण विकत घेईल?" हे शब्द माझे आहेत. ते हसले. मग त्यांनी विचारलं, काही अडलंय का? मी नाही म्हटलं. त्यांच्या पाळीला मी त्यांना विचारलंच नाही, तणतणत जागेवर जाऊन बसले. सव्वाबाराला ते कोट घालून निघाले. माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "हीटर बंद करून जा." मी मान वर न करता हो म्हटलं. त्यानंतर त्यांना मी पाहिलेलं नाही.

बुधवारी ते आले नाहीत. साडेनऊला मी उभी राहिले, दहापर्यंत उभी होते. फोन बंद. जुन्या माणसांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात विचारलं की ग्रँटना कुणी पाहिलं का. उत्तरं आली ती सांगते. एक म्हणाला, मेक्सिकोत बघ, समुद्रकिनारी. दुसरी म्हणाली, भेटला तर सांग, माझे नऊ हजार डॉलर दे आणि मग कुठे जायचं तिकडे जा. जोव्हेनने लिहिलं, "टिटा, पळाला तो. तू अजून दिवे लावत बसलीयेस, आता तरी घरी जा." त्यांना मी दोष देत नाही. पोट जळतं तेव्हा माणूस गोड कुठून बोलणार.

दुपारी तीनला मी याच चौकीत, बाहेरच्या खिडकीशी आले होते. तिथल्या इसमाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पाच महिने पगार नाही आणि मालक गायब, म्हणजे फसवणूक. तो फॉर्म वेगळा आहे." मी म्हटलं फसवणूक नंतर बघू, आधी माणूस शोधा. तो म्हणाला, धडधाकट माणूस आहे, स्वतःच्या पायाने गेलाय, दोन दिवस वाट बघा. बाहेर उणे एकोणतीस अंश होतं. मी घरी गेले. जायला नको होतं. तिथेच बसून राहायला हवं होतं.

आज सकाळी मी गेम पुन्हा चालवला, आणि यावेळी दिव्याकडे न जाता म्हाताऱ्याच्या मागोमाग गेले. शेवटचं झाड गेलं, त्यापुढे बराच वेळ नुसतं पांढरं. मग झोपडी. लाल रंग, पत्र्याचं धुराडं डाव्या बाजूला कललेलं, दाराला घोड्याचा नाल उलटा. तशीच झोपडी ग्रँटच्या टेबलावरच्या फोटोत होती, वडील आणि ते दारात उभे, हातात मासा. गिमलीच्या धक्क्यावरून ईशान्येला, शेवटच्या झाडापुढे, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. वडील गेल्यावरही दर हिवाळ्यात ती लाकडी झोपडी पिकअपने बर्फावरून ओढत नेऊन तिथेच ठेवतात. मी त्यांच्या टेबलापाशी गेले. फोटो नव्हता. पाकीट, लॅपटॉप, पासपोर्ट सगळं खणात होतं. पळणारा माणूस पासपोर्ट ठेवून बापाचा फोटो नेत नाही.

मी तशीच चालत इथे आले. माझं म्हणणं असं की, हा माणूस फरारी नाही. त्याने जे करायचं ठरवलं ते मला तीन दिवसांपूर्वी गेममध्ये दाखवलं होतं, माझ्याशिवाय बघणारं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं, आणि मी त्याला नंबर घालून फाइलीत टाकलं. माझे पैसे बुडाले तर बुडाले. आत्ता कुणाला तरी त्या झोपडीकडे पाठवा. जबाब नंतर पूर्ण करू.

येथे १२ वाजून २० मिनिटांनी जबाब थांबवून कॉन्स्टेबल डेजार्ले यांनी गिमली पोलिसांना फोन केला. २ वाजून ३५ मिनिटांनी जबाब पुढे सुरू.

मधल्या वेळात मी बाकावर बसून होते. कॉन्स्टेबलनी कॉफी आणून दिली, ती मी घेतली नाही. मला सांगण्यात आलं की, निळा पिकअप गिमलीच्या धक्क्यावर सापडला, आणि ग्रँट आयनारसन लाल झोपडीत जिवंत सापडले. सरपण आज पहाटेच संपलं होतं. डाव्या पायाची दोन बोटं थंडीने काळी पडली आहेत. विनिपेगच्या इस्पितळात आणत आहेत. मी विचारलं, काही बोलले का? कॉन्स्टेबल बाई म्हणाल्या, बोलले नाहीत, पण पोलिसांच्या थर्मासमधलं सूप प्यायले. मी म्हटलं, सूप प्यायला म्हणजे ठीक आहे. मग मला रडू आलं. तेही लिहा म्हटलं.

इस्पितळाला नातेवाईक हवा होता. कॉन्स्टेबलनी माझ्यासमोर ग्रँटच्या पूर्वीच्या पत्नीला, केलोना शहरी, फोन लावला. त्या म्हणाल्या, जिवंत आहे हे ऐकून बरं वाटलं, पण मी येणार नाही. आईवडील हयात नाहीत. भावंड नाही. मी ग्रुपवर लिहिलं की सापडले, तळ्यावर होते, इस्पितळात आणताहेत. एकतीस जणांनी वाचल्याचं दिसतं. उत्तर एकट्या जोव्हेनचं आलं. लिहिलंय, "देवा." थोड्या वेळाने, "मी खरंच म्हणत होतो पळाला म्हणून." आणि मग, "मी संध्याकाळी गाडी घेऊन येऊ का, टिटा?" मी ये म्हटलं.

माझी फसवणुकीची तक्रार नाही. पगाराचं मी त्यांच्याशी बोलेन, आणि सोडणार नाही, पण ते बोटांचं बघून झाल्यावर.

हा जबाब कॉन्स्टेबल डेजार्ले यांनी मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच उतरवला आहे. शेवटच्या पानावर "सदर इसमास जवळचे असे कोणी नाही" अशी एक ओळ होती, ती मी खोडायला लावली आणि खोडलेल्या जागी माझी सही केली. मग तिथे काय नातं लिहू, असं त्यांनी विचारलं. माझा फोन नंबर लिहा म्हटलं. तो त्यांनी लिहिला आहे आणि तो बरोबर आहे.

सही: लॉर्ना स्टाडनिक
वेळ: दुपारी ३ वाजून १० मिनिटे