हिरव्या लाद्या

विश्राम : भाऊ, परत सांगतो, या लिनोलियमच्या जाड मेणकापडावर सिमेंटचा माल धरणार नाय. आज ना उद्या लाद्या सुटतील, वाजाय लागतील. उपटू द्या मला.

परशुराम : आणि खाली काय आहे? ओली माती. ती खणायची, दगड भरायचा, कोबा करायचा. पावसाआधी होणार आहे का ते? अर्धं स्वयंपाकघर झालं तसंच उरलेलं कर.

विश्राम : मागाहून गवंड्याला बोल लावू नका.

परशुराम : नाही लावत. लढाई संपली तेव्हा कल्याणच्या लष्करी छावणीच्या लिलावातून आणलं होतं हे लिनोलियम. तेव्हापासून गोदा ह्या फाटक्या तुकड्यावर बसून भाकऱ्या थापतेय. शहाडला भावाकडे गेलीय, तोवर आटपायचं. अख्ख्या डोंबिवलीत किती जणांच्या चुलीपुढे चिनी मातीची लादी आहे, सांग!

गोदा : अहो, आहात का घरात?

परशुराम : अगं, तू आज कशी? उद्या येणार होतीस ना?

गोदा : पंढरीदादाला सवड आजच होती. दारापर्यंत सोडलं आणि गाडी गाठायला तसाच फिरला. सिमेंटचा वास कसला हो येतोय?

परशुराम : सांगत नाही. आत जा आणि तूच बघ. विश्राम गवंडी आहे आत. मी विहिरीवरून पाणी घेऊन आलोच.

विश्राम : या वहिनी. भिंतीकडून या, तिकडचं सुकलंय. अवो, बादली! बादली हाय समोर! लागलं काय?

गोदा : नाही. चूल... चूल कुठे हलवलीत?

विश्राम : हलवली नाय. ही काय तुमच्या उजव्या अंगाला.

गोदा : आणि लिनोलियम? चुलीपुढे भोक होतं त्याला. मोरीपाशी कड वर आलेली होती. कुठे गेलं सगळं?

विश्राम : खालीच गाडलं. वरून लाद्या. आता कुठंबी पाय ठेवा, सारखंच लागंल.

गोदा : सारखंच?

विश्राम : वहिनी... ही थापी तुमच्या तोंडासमोर धरलीय मी. केव्हाची धरलीय.

गोदा : ह्यांना सांगू नका, विश्रामभाऊ. पाया पडते तुमच्या.

विश्राम : अवो, भाऊंना ठाऊक नाय?

गोदा : कुणालाच नाही. ह्या घरात मला पायांनी दिसत होतं. भोक लागलं की चूल, कड लागली की मोरी, गुळगुळीत लागलं की मांडणी. त्याच्यावर रांधलं, वाढलं, सुमेधाच्या वेण्या घातल्या. पोरीलासुद्धा कळू दिलं नाही.

विश्राम : मी नीट चिकटवतो लाद्या, पाय अडखळणार नाय—

गोदा : नीट नको! चुलीपुढची एक सैल ठेवा. वाजू दे ती. मोरीपुढचीही. तेवढं करा माझ्यासाठी.

विश्राम : करतो वहिनी. रडू नका, भाऊ आले.

परशुराम : काय गं, कशी वाटली जमीन?

गोदा : छान झालीय. कशी पांढरीशुभ्र दिसतेय.

परशुराम : पांढरी?

विश्राम : सिमेंटची धूळ बसलीय भाऊ. पुसली की रंग कळंल.

परशुराम : मघाशी मीच पुसून गेलोय. हिरवी आहे ती, गोदा. तुझ्या आवडीची म्हणून ठाण्याहून मुद्दाम आणली. इकडे बघ. माझ्या हातात काय आहे?

गोदा : बादली. पाण्याची.

परशुराम : बादली खाली ठेवली मी. हात मोकळे आहेत माझे.

[गोदा चाचपडत भिंत धरते.]

परशुराम : कधीपासून?

गोदा : गेल्या पावसाळ्यात धुरकट दिसायला लागलं. आता नुसता उजेड तेवढा कळतो. पंढरीदादाने कल्याणच्या डॉक्टरांना दाखवलं. डोळ्यामागची शीर सुकलीय म्हणाले. उपाय नाही.

परशुराम : आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?

गोदा : थोरल्या जाऊबाईंना फेफरं यायला लागलं, तेव्हा त्यांना माहेरी पोचवायला तुम्हीच गेला होतात. त्यांचा पोरगा इथे ठेवून घेतलात. दार धरून उभ्या होत्या त्या.

परशुराम : ते वेगळं होतं.

गोदा : कसं वेगळं?

विश्राम : भाऊ, माल सुकतोय. आज राहू देऊ का?

परशुराम : राहू कशाला द्यायचं? लाव. पक्क्या बसव सगळ्या.

गोदा : अहो, मी सगळं करते अजून. तुमचा डबा कधी चुकला का? सुमेधा कधी उपाशी शाळेत गेली का?

परशुराम : चूल पेटवतेस तू. पोरगी जवळ असते. एखाद्या दिवशी पदर पेटला म्हणजे?

गोदा : तसं असेल तर चुलीशी तुम्ही बसा. मी बाकीचं बघेन. मला इथेच राहू द्या.

परशुराम : ट्रंक दारातच आहे ना तुझी?

गोदा : हो. सोडायची आहे अजून.

परशुराम : राहू दे तशीच. सकाळी शहाडला जाऊ. पंढरीशी बोलतो मी.

गोदा : बरं. सुमेधा येईल आता शाळेतून. ती जेवेपर्यंत तरी काही बोलू नका.