बासमध्ये खोचलेली वायर

दुरुस्तीच्या दुकानात शिंपीणबाई बंद पडलेला रेडिओ घेऊन ताटकळत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक बाई होती. तिचा लांबलचक इलेक्ट्रिक बास, म्हणजे जाड तारांची गिटार, दुकानदाराने काउंटरवर आडवा घातला होता.

"दर आठवड्याला बॅटरी उतरते हो. नवी घातली तरी तेच."

"वाजवतं कोण?"

"मुलगा वाजवायचा. आता कोणी नाही."

"अहो काकू, मग बॅटरी घालताच कशाला?"

"तो हिरवा दिवा लागलेला असला की खोलीत जाववतं."

"बिघाड काहीच नाही. वायर खोचलेली राहिली की बॅटरी जळतच राहते. वाजवून झालं की वायर काढायची, बास."

"तो काढायचा ना, न चुकता. त्या दिवशी म्हणाला, राहू दे गं, आलोच मी."

दुकानदाराने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हणून मी त्या वायरला हात लावत नाही. तुम्हीही काढू नका. मोठी बॅटरी बसते का, तेवढं बघा."

शिंपीणबाईंची नजर काउंटरवर गेली. वायर गुंडाळून बाजूला ठेवली होती.

"काकू, तुम्ही पिशवीत बॅटरी शोधत होता ना, तेव्हाच मी ती काढली. थांबा, परत खोचून देतो, होती तशीच."

"तशीच?"