दोघांचं एक कार्ड

दवाखान्यात कॉम्प्युटर आला, तशी नर्सताई जुन्या कार्डांवरचं एकेकाला विचारून त्यात भरू लागली. अंगठ्याला फडकं गुंडाळलेला गवंडी बाकावर बसून, निरूपण ऐकावं तसा कान देऊन ऐकत होता. त्याच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"आजोबा, तुम्हा दोघांचं कार्ड एकच आहे. आता वेगवेगळं करायचंय. इथं लिहिलंय, पेनिसिलिनने अंगभर पित्त उठलं, पुन्हा देऊ नये. हे कुणाला?"

"मला. लिही."

"अहो, तुम्हाला कुठलं? मला उठलं होतं."

"अगं, तीस वर्षं प्रत्येक डॉक्टरला मी सांगत आलोय!"

"सांगितलंत म्हणून काय तुमच्या अंगावर उठलं? थोरली लेक चार दिवसांची होती. इंजेक्शन मला दिलं, घसा माझा सुजला. तुम्ही नुसतं बघूनच घेरी येऊन पडलात."

"पडलो नव्हतो. खाली बसलो होतो."

"आजोबा, नीट आठवा. आजींच्या नावावर लिहायचं राहिलं आणि उद्या कुणी टोचलं, तर जिवावर बेतेल. कार्डावर तारीख आहे सतरा मार्च."

"थोरली तेरा मार्चची."

"बघा!"

"म्हणजे मला कधी काही झालंच नव्हतं?"

"नाही हो. माझं पथ्य तुम्ही पाळलंत."

"मग लिही, ताई, हिच्या नावावर. चांगलं ठळक लिही."

"लिहिलं. आणि तुमच्या नावावर काय लिहू?"

"माझ्या? लिही की, बायकोला पेनिसिलिन देऊ नये."