नाव आत घालून बसवलेले चार टायर

पुरवणी जबाब. दिनांक १६ ऑगस्ट २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

नाव ग्यानोबा सटवाजी पतंगे, वय ६७ वर्षे, शिक्षण चौथी पास, धंदा टायर दुकान व पंक्चर, राहणार गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली.

मी आज रोजी कोणी न बोलावता ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी सुमनबाई हिच्यासह राहतो. बसथांब्याजवळ माझे टायरचे दुकान आहे, ते एकोणचाळीस वर्षांपासून चालू आहे. हे काम मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, करता करता आले. इंग्रजी अक्षरेसुद्धा मी टायरवरची वाचून शिकलो. गावात व तांड्यावर मला मिस्त्री म्हणतात आणि टायरच्या बाबतीत माझा शब्द मानतात.

दिनांक ११ ऑगस्ट रोजी सेनगाव रस्त्यावर तांड्याच्या फाट्याजवळ जो अपघात झाला, त्याच्या पंचनाम्यात गाडीच्या टायरात खोट नाही असे मी सांगितले व त्याखाली सही केली. ते मी खरे सांगितले नव्हते. खरे काय ते आज सांगतो.

अपघातातली गाडी साधना सोमेश्वर वाबळे, वय अंदाजे २७, हिची आहे. ती छत्रपती संभाजीनगरला औषधाच्या कारखान्यात नोकरीस आहे. तिचे वडील सोमेश्वर गुरुजी यांच्या जीपचे टायर मीच बदलत आलो. जीपचे चाक निघाले की ही पाण्यात ट्यूब धरून बुडबुडे मोजत बसायची. तेव्हापासून ती मला काका म्हणते.

दिनांक ३ ऑगस्ट रोजी सकाळी दहाच्या सुमारास ती गाडी घेऊन माझ्या दुकानी आली. गाडी करड्या रंगाची, दोन दरवाजांची, जमिनीला टेकलेली अशी. जुनीच घेतलेली. टायर पार गुळगुळीत झाले होते. ती म्हणाली, "काका, मला एकच सेट पाहिजे. रोडवर बी चालला पाहिजे अन् ट्रॅकवर बी. दोन्हीचे वेगवेगळे घ्यायला परवडत न्हाई. अन् घेतले तरी ठेवू कुठं? ह्या गाडीत माझी पिशवी मावत न्हाई."

मी विचारले, "ट्रॅकवर काय करतीस, माय?"

ती म्हणाली, "फेऱ्या मारायच्या, वेळ लावून. वळणावर टायरनं धरून ठेवलं पाहिजे. ह्या महिन्याच्या शेवटी माझी पहिलीच बारी आहे."

ट्रॅक म्हणजे पट असे मी समजलो. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीचा पट असतो, तो मातीचा असतो. गाड्यांच्या शर्यती मी टीव्हीवर पाहिल्या त्यातही धुरळा उडत होता. पटाला वळण नसते आणि पटावर फेऱ्या मारत नाहीत, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला पाहिजे होते. विचारायला तोंडही होते. पण जिला मी ट्यूब धरायला शिकवले तिला ट्रॅक म्हणजे काय गं, असे विचारायला मला जड गेले. मी मान हलवली.

तिने मला एक कागद दिला. त्यावर टायरची साईज होती. खाली तिच्या हाताने लिहिले होते की रबर मऊ असावे पण फार लवकर झिजणारे नसावे, आणि नक्षी ओल्या डांबरावर धरणारी, पाणी बाहेर फेकणारी असावी. मी साईज पाहिली आणि कागद घडी करून खिशात घातला. खालच्या ओळी मी त्या दिवशी वाचल्या नाहीत. तो कागद आज हजर करत आहे.

संभाजीनगरच्या एका दुकानदाराने तिला सांगितले होते की रोडचेच चांगल्यातले टायर घ्या, ट्रॅकवर दोन-चार सेकंद जास्त लागतील, पण घरी सुखरूप जाल. हे तिने मला सांगितले. त्यावर मी म्हणालो, "तो तुला येड्यात काढून राहिला. पटाला पटाचंच टायर लागतं. तू कशाला हिंडतीस? मी आणतो." पट हा शब्द मी मोठ्याने म्हणालो होतो. तिला ती माझी बोलायची पद्धत वाटली असावी. ती हसली आणि गाडी दुकानाच्या शेडमध्ये लावून एसटीने गेली.

दिनांक ६ ऑगस्ट रोजी मी अकोल्याला जाऊन ओळखीच्या व्यापाऱ्याकडून तिच्या साईजचे चार टायर आणले. कोणी तरी शर्यतीसाठी घेऊन न वापरता विकलेले होते. नक्षी मोठी, ठोकळे ठोकळे, मध्ये बोटभर फट. मातीत रुतून धरणारी. व्यापाऱ्याने गाडी कोणती ते विचारले नाही. मीही सांगितले नाही. स्वस्तात मिळाले म्हणून लेकराचे चार पैसे वाचले, याचा मला आनंद झाला होता.

दिनांक ७ ऑगस्ट रोजी दुपारी टायर बसवायला घेतले तेव्हा एका बाजूला मोठ्या अक्षरात काही लिहिलेले दिसले. मी एकेक अक्षर लावून वाचले. कॉम्पिटिशन असा शब्द निघाला. त्याने मला आणखी बरे वाटले. त्याच्या खाली बारीक अक्षरात दुसरी ओळ होती, नॉट फॉर हायवे यूज. हायवे हा शब्द मला पाटीवरून माहीत आहे. नॉट फॉर हेही माहीत आहे, ते एसटीच्या राखीव गाडीवर असते. म्हणजे ओळ मला कळली. कळली नाही असे मला सांगता येणार नाही.

मी थोडा वेळ टायरवर बसलो. मग मनाशी म्हणालो, कंपन्या आपला जीव वाचवायला काहीबाही लिहितात. परत अकोल्याला जायचे, व्यापाऱ्याशी हुज्जत घालायची आणि पोरीला सांगायचे की मिस्त्री चुकला, हे मला नको होते.

टायर बसवताना नाव बाहेर ठेवायचे, ही आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट आहे. गिऱ्हाइकाला नाव दिसले पाहिजे. मी एकोणचाळीस वर्षांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलासुद्धा नाव आत घालून टायर बसवला नाही. त्या दिवशी चारही टायर मी नाव आत घालून बसवले. साईज दोन्ही बाजूंना असते, ती बाहेर दिसत होती. ती ओळ एकाच बाजूला होती, ती आत गेली. पोरीने वाचू नये म्हणूनच मी तसे केले.

दिनांक १० ऑगस्ट रोजी राखीला आलेली साधना सायंकाळी पाचच्या सुमारास गाडी न्यायला आली. टायर पाहून ती खाली बसली, ठोकळ्यांवर बोट फिरवले. म्हणाली, "काका, हे मातीतल्या रॅलीचे वाटून राहिले. ट्रॅक तर असा असतो, बघा." आणि तिने मोबाईलवर मला चित्र दाखवले. काळाभोर डांबराचा रस्ता होता, तुळतुळीत. कुठे चिमूटभर माती नव्हती. गाडी वळणावर वळत होती आणि मागे धूळ उडत नव्हती.

त्या वेळी मला सगळे समजले. टायर उतरवायला एक तास लागला असता. मी म्हणालो, "हे दोन्हीकडचे हायेत. कंपनीनं नवीन काढलेत."

तिने टायरच्या बाजूला वाकून पाहिले. बाहेरून साईजशिवाय काही लिहिलेले नव्हते. ती म्हणाली, "तुमी म्हणता तर बराबरच असंल."

तिने माझ्या पाया पडून गाडी नेली.

दिनांक ११ ऑगस्ट रोजी सकाळी सव्वासातला ती कामावर जायला निघाली. पाऊस भुरभुर चालू होता. पुढचे मी पाहिलेले नाही, तिने व लोकांनी सांगितले ते सांगतो. तांड्याच्या फाट्यावर पुढची जीप प्रवासी घ्यायला थांबली. साधनाने ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी सरकत गेली. जीपमध्ये माणसे होती म्हणून तिने गाडी डावीकडे घेतली. तिथे दुधाचा कॅन घेऊन नेमसिंग राठोड, वय ६०, उभे होते. त्यांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. तिचा वेग किती होता ते मला माहीत नाही. ओल्या डांबरावर ते ठोकळे कोणत्याही वेगाला नीट धरत नाहीत, हे मला माहीत आहे.

साडेनऊला ठाण्याचे वैजनाथ जमादार यांनी मला टायरचा जाणकार म्हणून फाट्यावर बोलावले. तिथे बरीच माणसे जमली होती. साधना रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. लोक तिला ऐकू जाईल असे बोलत होते. एक जण म्हणाला, "गुरुजीनं पोरीच्या हातात विमान दिलं, मग उडणारच की." दुसरा म्हणाला, "व्हय, अन् उतरायचं शिकवलंच न्हाई." माणसे हसली. मीही हसलो. हे नोंदवून घ्यावे.

जमादारांनी विचारले, "मिस्त्री, टायरात काही खोट?"

मी खाली बसून टायरवर हात फिरवला आणि म्हणालो, "खोट न्हाई. नवे हायेत, नक्षी पूर्ण हाय."

त्यांनी विचारले, "वर काही लिहिलंय का?"

मी म्हणालो, "न्हाई." मी त्या वेळी बाहेरच्या बाजूला हात ठेवून होतो.

दिनांक १४ ऑगस्ट रोजी मी हिंगोलीला दवाखान्यात नेमसिंग यांना भेटायला गेलो. पायाला लोखंड लावून तो टांगलेला होता. मला पाहून ते म्हणाले, "या मिस्त्री. माझ्या पायाला बी एक ठिगळ मारा, हवा गेली पार." त्यांची पत्नी मोतीबाई म्हणाल्या, "ह्याला थट्टाच सुचती. दूध कोण काढंल, म्हशी हात लावू देईनात." मग म्हणाल्या, "ती पोरगी रोज भाकरी घेऊन येती, भाऊ. स्वतः खात न्हाई. म्या म्हणलं, तू बी आमचंच लेकरू, खाय."

साधना तिथेच बाहेर बाकावर होती. कामावरून रजा घेतली म्हणाली. वडिलांनी किल्ली काढून घेतली, ट्रॅकवरच्या बारीसाठी दिलेले तिचे नाव रद्द केले, आणि आता गाडी कधी चालवायची नाही असे तिने स्वतःच ठरवले, असे तिने मला सांगितले. ती म्हणाली, "काका, तुमी टायर पाहून सांगितलं ते बरं झालं. मी रात्रंदिवस इचार करून राहिले होते, मी तर ब्रेक वेळेवर दाबला, मग काहून थांबली न्हाई. टायरात खोट न्हाई म्हणल्यावर खोट माझ्यातच. एवढं तरी कळलं."

मी तिला, जेवून घे, एवढेच म्हणालो आणि एसटीने परत आलो.

काल दिनांक १५ रोजी झेंडावंदनाहून आल्यावर मी पत्नी सुमनबाई हिला सर्व सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले. म्हणाली, "मंग अजून इथं काहून बसलात?" मी म्हणालो, आज ठाण्यात कार्यक्रम असेल, उद्या जातो. ती त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी तिने माझा धुतलेला सदरा काढून खुंटीला अडकवून ठेवला होता, तोच घालून आलो आहे.

अपघातातली गाडी ठाण्याच्या आवारात उभी आहे. जॅक लावून चाके काढावीत व टायरची आतली बाजू पाहावी. ती ओळ चारही टायरवर सापडेल. चाके काढायला मी हात लावू नये, दुसरा मिस्त्री बोलवावा, अशी माझी विनंती आहे. टायर कोणते घ्यायचे हे साधनाने माझ्यावर सोडले होते आणि बसवल्यावर तिने मला विचारलेही होते. तिला खोटे मी सांगितले.

हा जबाब दिल्याने माझ्यावरही गुन्हा लागू शकतो, याची समज मला भागवत हवालदार यांनी जबाब सुरू करण्यापूर्वी दिली. वकिलाला विचारून उद्या येता का, असेही त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. कोणी मला धाक दाखवला नाही की कशाचे आमिष दाखवले नाही. सोमेश्वर गुरुजींच्या घरून कोणी मला भेटलेले नाही. मी इथे आलो आहे हे त्यांना माहीत नाही.

भागवत हवालदार यांनी लिहिलेला जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी ‘मी नजरचुकीने टायर उलट्या बाजूने बसवले’ असे वाक्य आले होते. त्यांनी ते माझ्या वयाकडे पाहून लिहिले असावे, त्यांचा राग नाही. माझ्या सांगण्यावरून त्यातला ‘नजरचुकीने’ हा शब्द खोडून ‘समजून उमजून’ असे लिहिण्यात आले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.

(सही)
ग्यानोबा सटवाजी पतंगे

समक्ष
(सही) भागवत, हवालदार