पायल दोरावर चढली तवा

माझं माहेर हट्टा. अब्बा शिलाई करायचे, आमी तीन बहिणी, अन् शाळेत एक बाई व्हत्या, त्यांनी मला दोरीचा मल्लखांब शिकवला. वरून जाड सुती दोर सोडायचा, पायाचा अंगठा अन् शेजारचं बोट यांच्या चिमटीत तो धरायचा अन् हातानं अंग वर ओढत जायचं. लोक अब्बाला म्हनायचे, पोरगी लटकून राहिली, बराबर दिसत न्हाई. अब्बा म्हनायचे, तिची सलवार मीच शिवली, पाय अडकू नये अशी. काय सांगू तुमाला, असा बाप.

लग्न होऊन हिंगोलीला आले, मालक लवकर गेले, मग मुलींच्या बालगृहात देखरेखीचं काम लागलं. तिथल्या पोरी कशा, तर कुनी घरातून पळालेली, कुनाला लग्नाच्या मांडवातून सोडवून आनलेलं, कुनी बोलतच न्हाई, कुनी बोलली की अंगावर येती. अंगातली धग जाणार कुठं, भांडणात जायची. मी अधीक्षक मॅडमला म्हनलं, अंगणात दोर लावू द्या. त्या म्हनल्या, लावा, पर तुमी समोर असल्याबगर न्हाई, अन् झालं की दोर कुलपात.

पयल्याच दिवशी दोर सोडला, खाली गाद्या टाकल्या, अन् सिद्धेश्वर धरणाकडची पायल, पंधरा वर्साची पोरगी, तिनं दोर पाहिला अन् जागीच खाली बसली, दातखीळ बसली तिची. मग मॅडमनं सांगितलं, तिच्या मायनं गळफास घेतला व्हता, अन् दार उघडून आत गेली ती हीच. मला काय म्हाईत? पर म्हाईत करून घ्यायला पायजे व्हतं ना मी! दोर काढला. कुलपात टाकला, अन् पुन्हा लावला न्हाई.

पोरी मला खाला म्हनायच्या, म्हंजी मावशी. पंधरा दिवसांनी पायलच आली, म्हनली, खाला, माझ्यामुळं काहून बंद केलं? मी म्हनलं, तुला तकलीफ होती बेटा. ती म्हनली, मी भिंतीकडं तोंड करून बसते, तुमी लावा. तशी बसली, लई दिवस बसली. मग तोंड इकडं केलं. मग एकदा दुसरी चढताना दोर हलू नये म्हनून खालचं टोक धरायला आली. मी कधी चढ म्हनले न्हाई. मॅडम तिला दवाखान्यात मनाच्या डॉक्टरशी बोलायला न्यायच्या, ते चालूच व्हतं.

एका रविवारी पोरी आत गेल्यावर म्हनली, खाला, मला धरा. मी कमरेला हात लावला. तीन हात चढली असल, थांबली, कपाळ दोराला टेकवलं अन् जी रडली, जी रडली, माय तू काहून गेलीस, मला सांगायचं तरी व्हतंस, असं म्हनून रडली. मी म्हनले, उतर. म्हनली, न्हाई, थांबा. तिचा हात सुटला न्हाई, मी बी तिच्या कमरेचा हात काढला न्हाई.

आता ती अठराची झाली, वसमतला नर्सिंग शिकून राहिली. दोरावर लई भारी व्हती असं बी न्हाई, तिच्याहून चांगल्या दोघी-तिघी व्हत्या. वाईट दिवस येतो तिला, अजून येतो, तवा फोन करती, म्हनती, खाला, बोलवत न्हाई आज, नुसता फोन चालू ठेवा. मी ठेवते, भाजी निवडत बसते, ती तिकडं आपलं काम करती. अल्ला तिला उमर देवो. तिच्या मायसाठी बी मी दुआ करते, त्या बाईवर काय गुजरलं व्हतं, आपल्याला काय म्हाईत.